जुन्या बॅटरीची पारख

सुरत शहराच्या अलथाण भागात महानगरपालिकेच्या बसगाड्यांचे एक स्थानक आहे. २०२५ साली या स्थानकाच्या छपरावर १०० किलोवॉट शक्तीचे सौरपट्ट बसविण्यात आले आणि त्यांच्या जोडीला २२४ युनिट वीज साठवून ठेवील अशी बॅटरी उभारण्यात आली. या कामी जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेचे साहाय्य मिळाले. दिवसा उन्हातून वीज मिळवावयाची, ती साठवावयाची आणि विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांना पुरवावयाची, अशी ही योजना आहे. छपरावरचे सौरपट्ट आता कोणाला नवलाचे वाटत नाहीत. नवलाची गोष्ट छपराखाली आहे. साठवणीसाठी तेथे ठेवलेल्या बॅटऱ्या कोऱ्या नाहीत. एकदा वाहनात राबून निवृत्त झालेल्या बॅटऱ्यांना तेथे दुसऱ्यांदा कामाला लावले आहे.

वाहनाची बॅटरी निवृत्त होते म्हणजे ती मरते असे नव्हे. नवेपणी जेवढी वीज तिच्यात मावत होती तिच्या सत्तर ते ऐंशी टक्केच मावू लागली, की ती वाहनाच्या उपयोगाची राहिली नाही असे सामान्यतः मानतात. बसला वजन वाहून न्यावयाचे असते, ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत कापावयाचे असते. अशा ठिकाणी तीस टक्क्यांची तूट परवडत नाही. परंतु जमिनीवर एका जागी बसून वीज साठवावयाची असेल तर तीच बॅटरी आणखी काही वर्षे निमूटपणे काम देऊ शकते. धावपळीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने ग्रंथालयात बसावे, तसाच हा प्रकार.

प्रश्न एवढाच की, निवृत्त झालेल्यांपैकी धडधाकट कोण आणि आतून पोखरलेला कोण, हे ओळखावे कसे? सुरत हे हिऱ्यांचे शहर. भिंग डोळ्याला लावून हिऱ्यातील सूक्ष्म डाग हेरणारे हजारो कसबी हात आणि डोळे या शहरात आहेत. पण बॅटरीपुढे भिंग चालत नाही. चांगला घट आणि वाईट घट एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या पेटीत बसलेले असतात. व्होल्टमीटर लावून पाहिले तरी तो बहुधा दोघांनाही सारखेच गुण देतो. आजकाल बसगाड्यांत व रिक्षांत लोह-फॉस्फेट जातीचे जे लिथियम घट वापरतात त्यांचा तर स्वभावच असा आहे की, ते जवळजवळ भरलेले असोत की पाऊण रिकामे, त्यांचा दाब सव्वातीन व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. बाजारात जुनी बॅटरी विकणारा मनुष्य मीटरचा काटा दाखवून ‘बघा, भरलेली आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. मात्र त्याने सांगितलेल्या गोष्टीला किंमतही फारशी नसते.

ख्रिस्ताच्या शिष्यांपैकी थोमा हा खिळ्यांच्या जखमांत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे म्हणाला होता, आणि तेव्हापासून त्याच्या नावाला संशयी हे विशेषण चिकटले. प्रयोगशाळेत मात्र थोमाचाच शब्द प्रमाण मानावा लागतो. बॅटरीला काम सांगावे, ते तिच्याकडून करवून घ्यावे आणि मग बोलावे, याखेरीज तिच्या पारखीचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

यातील पहिली परीक्षा अगदी सरळ आहे. घट पूर्ण भरावयाचा, थोडा वेळ शांत ठेवावयाचा आणि मग ठरावीक प्रवाहाने रिता करावयाचा. समजा, एका घटावर १०० ॲम्पिअर-तास असा आकडा छापलेला आहे. त्यातून सतत ३३.३ ॲम्पिअर प्रवाह काढला तर तो तीन तास टिकावयास हवा. तो दोन तास चोवीस मिनिटांत खालच्या मर्यादेला पोहोचला, तर त्याची क्षमता ऐंशी टक्के उरली असे निश्चित कळते. हे सारे पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या खोलीत करतात. कारण तापमान बदलले की घटाची वागणूक बदलते, आणि मग दोन घटांची तुलना करणे म्हणजे भरल्या पोटी व उपाशी पोटी धावणाऱ्या दोन मुलांची शर्यत लावण्यासारखे होते. या परीक्षेचा दोष म्हणजे वेळ. भरणे, थांबणे, रिकामे करणे, पुन्हा भरणे यात एका घटामागे अर्धा दिवस सहज जातो, आणि एका बसच्या बॅटरीत असे घट शेकड्यांनी असतात.

दुसरी परीक्षा घटाच्या अंतर्गत रोधाची. नळाच्या पाइपात गंज साचला म्हणजे पाणी अडखळत येते. घट वापरून वापरून जुना झाला म्हणजे त्याच्या आतून वाहणाऱ्या प्रवाहालाही तशीच अडचण होऊ लागते. ही अडचण मोजण्यासाठी घटावर एकाएकी काही सेकंद मोठा भार टाकतात आणि दाब किती खचतो ते पाहतात. शंभर ॲम्पिअर प्रवाह काढताच दाब ३.३ व्होल्टवरून ३.२ व्होल्टवर आला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे रोध एक सहस्रांश ओहम झाला. हा आकडा दिसावयास क्षुल्लक आहे. पण रोधातून जी उष्णता निर्माण होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. शंभराचा वर्ग दहा हजार. त्याला एक सहस्रांशाने गुणले की दहा वॉट. बसच्या बॅटरीत असे १८० घट एकामागून एक जोडलेले असले तर बंद पेटीत १८०० वॉटची उष्णता झाली. वार्धक्याने रोध दुप्पट झाला तर ती ३६०० वॉट होते, म्हणजे कपड्यांच्या तीन-चार इस्त्र्या प्रवाशांच्या पायाखाली एकाच वेळी तापत ठेवाव्या तशी गत. बॅटरीची क्षमता कमी होणे ही गैरसोय आहे. रोध वाढणे हे संकट आहे. ग्राहक मात्र नेमकी पहिलीचीच चौकशी करतो आणि दुसरीचे नावही काढीत नाही.

तिसरी परीक्षा चतुर आहे. कुंभाराकडून मडके घेताना गृहिणी ते हातावर तोलून टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर पक्के भाजलेले, बद्द आवाज आला तर चिरलेले. बॅटरीलाही अशाच टिचक्या मारता येतात. फार दुबळा असा उलटसुलट वाहणारा प्रवाह घटात सोडतात, त्याची गती कधी सेकंदाला हजारो आंदोलने, कधी एखादेच आंदोलन अशी बदलीत जातात, आणि प्रत्येक वेळी घट त्याला कसा प्रतिसाद देतो त्याची नोंद करतात. जलद आंदोलनांना तारा, जोड आणि द्रावण यांचा प्रतिसाद मिळतो. संथ आंदोलनांना घटाच्या आतील रासायनिक क्रियांचा. या नोंदींची वक्ररेषा काढली की, घट न रिकामा करता, थोड्या मिनिटांत त्याच्या प्रकृतीचा अंदाज येतो. अर्थात तो अंदाजच. मडक्याच्या आवाजावरून त्यात किती शेर पाणी मावेल हे कळत नाही, तसेच येथेही आहे. म्हणून टिचकीने निवड करावयाची आणि निवडलेल्यांपैकी काहींची पहिल्या पद्धतीने संपूर्ण परीक्षा घ्यावयाची, असा मध्यम मार्ग काढतात.

इतके सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण घट एकामागून एक जोडले म्हणजे सर्वांत दुबळा घट साऱ्या मालेचा धनी होतो. नांगराच्या जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याच्या बळाचा उपयोग नाही. मालेतील एक घट ऐंशी टक्के मावणारा आणि बाकीचे नव्वद टक्के मावणारे असतील, तर भरताना तो आधी तुडुंब होतो आणि वापरताना आधी कोरडा पडतो. घटांवर देखरेख ठेवणारे विद्युत् उपकरण त्या एकट्यासाठी सर्वांचे काम थांबविते. आणि ते उपकरण स्वस्तातले किंवा बिघडलेले असेल तर थांबवीत नाही, व तेव्हाच अनर्थ होतो. म्हणून जुन्या घटांची माला बांधताना उत्तम घट मिळविण्यापेक्षा सारखे घट मिळविणे अधिक महत्त्वाचे असते.

अनर्थ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. पुण्यातही एक गाडी रस्त्याच्या कडेला पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरात सिकंदराबाद येथे विजेच्या दुचाकींच्या दुकानातून भडकलेल्या आगीत वरच्या हॉटेलातील आठ माणसे प्राणास मुकली. आणि त्याच महिन्यात वसईत, रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा होरपळला व काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. तो झोपला होता त्याच खोलीत बॅटरी ठेवलेली होती.

दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटऱ्यांच्या परीक्षणाचे नियम कडक केले. दुचाकी व तिचाकी वाहनांना लागू असलेले एआयएस-१५६ हे मानक सुधारून त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून अमलात आला. मोटारी व बसगाड्यांसाठी एआयएस-०३८ या मानकाची सुधारलेली आवृत्ती आहे. पुण्याच्या कोथरूडजवळील टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था वाहनांची परीक्षा घेणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी आहे. रस्त्यावरील वाहनाच्या कागदपत्रांत तिचे नाव अनेकांनी वाचलेले असते. ती नेमके काय करते हे थोड्यांनाच माहीत असते.

ती बॅटरीचा छळ करते, असे म्हटले तरी चालेल. बॅटरी सहा तास साठ अंश तापमानात ठेवतात आणि लगोलग शून्याखाली चाळीस अंशांत सहा तास. असे किमान पाच वेळा. सुरतेत कोणी शून्याखाली चाळीस अंश पाहिलेले नाही, हे खरे. परंतु येथे थंडीची भीती नसून आकुंचन-प्रसरणाची आहे. धातू, प्लास्टिक आणि डिंक ही तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आक्रसतात, आणि सांध्यात कोठे कच्चेपणा असेल तर तो उघडा पडतो. नंतर तीन तास हादरे. नंतर मुद्दाम शॉर्टसर्किट. मुद्दाम अति भरणे. मोटारीच्या बॅटरीखाली जळत्या इंधनाचे तबक सरकवतात. सत्तर सेकंद ज्वाळा थेट तळाला लागतात, आणि पुढे काही तास ती फुटते की टिकते याकडे परीक्षक दुरून पाहत बसतात. सर्वांत कठीण परीक्षा आगीच्या प्रसाराची. पेटीतील एका घटाला आतल्या आत मुद्दाम पेटवावयाचे आणि शेजारी पेटतात का ते बघावयाचे. मोटारगाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाची अपेक्षा अशी की, एक घट बिघडल्यावर प्रवाशांच्या जागेत धोका पोहोचण्यापूर्वी निदान पाच मिनिटे आधी गाडीने इशारा द्यावा. पाच मिनिटांत भरलेली बस रिकामी होईल का, याचा विचार प्रत्येक बसचालकाने आपल्या बसकडे पाहून करावा.

पाण्याची परीक्षा सुरतकरांना अधिक जवळची वाटेल. बॅटरी एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे बुडवून ठेवतात आणि पाणी आत शिरले नाही तर ती उत्तीर्ण होते. परंतु २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले तेव्हा ते तीस मिनिटांत परत गेले नव्हते. कित्येक वस्त्यांत ते दिवसच्या दिवस राहिले. लिंबायतची मराठी वस्ती ज्या मीठी खाडीच्या काठी वसली आहे ती खाडी तर पावसाळ्यात अजूनही घरांत येते, आणि तिचे पाणी प्रयोगशाळेतल्यासारखे स्वच्छ नसते. अर्धा तास हा नियमाने मागितलेला किमान गुण आहे. पुरात बुडालेली रिक्षा उन्हात वाळवून पुन्हा चार्जिंगला लावणारा तिचा मालक उत्तीर्णतेच्या त्या दाखल्यावर भलताच भार टाकीत असतो. अशा बॅटरीची निरोधकता, म्हणजे वीज पेटीच्या अंगावर झिरपते की काय, हे जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय तिला वीज जोडू नये. ही मोजणी फार थोड्या वेळाची असते.

बॅटरीची गोष्ट येथवर आली. आता तिच्या जोरावर चाक फिरविणाऱ्या मोटरचे काय? यंत्राची शक्ती मोजण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी याने १८२१ साली फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळून, त्यांना जोडलेला लांब दांडा वजनाने तोलून धरला. किती वजनाने दांडा स्थिर राहतो आणि आतला दांडा मिनिटाला किती फेरे घेतो, या दोहोंवरून शक्ती निघते. आजच्या डायनामोमीटरमध्ये लाकडी ठोकळ्यांची जागा विद्युत् यंत्राने घेतली आहे, तत्त्व तेच राहिले आहे. नव्या यंत्राचा एक विशेष असा की, ते मोटरला अडवू शकते तसेच उलट फिरवूही शकते. विजेच्या वाहनासाठी हे आवश्यकच आहे. सुरत हे पुलांचे शहर. उड्डाणपूल चढताना बसची मोटर वीज खाते, आणि उतरताना चालकाने वेग आवरला की तीच मोटर जनित्र होऊन काही वीज बॅटरीला परत देते. ही परतफेड किती, हे मोजावयाचे तर मोटरला ढकलणारे कोणी तरी हवेच.

संपूर्ण गाडीची परीक्षा घेताना तिची चाके मोठ्या लोखंडी रुळांवर चढवितात. गाडी जागची हलत नाही, चाके मात्र धावतात. मग रस्त्यावरचा वारा आणि घर्षण त्या रुळांना कसे कळावे? त्याचा उपाय मोठा मजेदार आहे. आधी गाडी खऱ्या सपाट रस्त्यावर वेगात नेतात, शक्ती तोडतात आणि ती आपोआप मंदावत जाताना प्रत्येक टप्प्याला किती सेकंद लागले ते टिपतात. त्यावरून वाऱ्याचा व टायरचा विरोध निघतो, आणि तेवढाच विरोध रुळांना शिकवितात. त्यानंतर ठरलेल्या वेळापत्रकानुसार गाडी चालवावयाची. दुचाकींसाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या ‘भारतीय चालनचक्रा’चा एक फेरा १०८ सेकंदांचा आहे. त्यात थांबणे, निघणे, वेग घेणे, आवरणे सारे येते, पण वेग कधीही ताशी ४२ किलोमीटरच्या वर जात नाही. जाहिरातीत ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ असा जो आकडा असतो तो पुष्कळदा या चक्रातून आलेला असतो. तो लबाडीचा नव्हे. मात्र तो रुळांवर धावणाऱ्या, एकाच चालकाच्या, नियंत्रित खोलीतल्या गाडीचा आहे. मे महिन्याच्या दुपारी मागे बायको, पुढे मूल आणि हँडलला पिशवी अडकवून उधन्याहून सचिनकडे ताशी साठच्या वेगाने निघालेल्या गाडीचा नव्हे.

त्या गाडीचा आकडा तिच्या मालकालाच काढावा लागतो, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरावी, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या ओझ्यासह ती तळाशी येईपर्यंत गाडी चालवावी, किलोमीटर लिहावेत, पुन्हा भरताना शक्य तर निराळ्या मीटरवर किती युनिट गेले ते लिहावे. पूर्वीपेक्षा किलोमीटर कमी आणि युनिटही त्याच मानाने कमी, तर क्षमता घटली. युनिट तेवढेच जाऊनही किलोमीटर कमी, तर वीज वाटेतच उष्णतेत जात असण्याचा संभव आहे किंवा टायर, ब्रेक यांत दोष आहे. भरताना पेटी पूर्वीपेक्षा अधिक तापते, फुगते, वास येतो, यांपैकी काहीही दिसले तर वही मिटावी, बॅटरी घराबाहेर मोकळ्या जागी न्यावी आणि जाणकाराला बोलवावे. रात्री, झोपण्याच्या खोलीत किंवा दाराच्या तोंडाशी तर बॅटरी कधीच भरू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते.

अलथाणसारख्या ठिकाणचे घटही केव्हा तरी दुसऱ्यांदा थकतील. २०२२ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या केंद्रीय नियमांनुसार निकामी बॅटऱ्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या गोळा करून त्यांतील धातू परत मिळविण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर आहे. पण पेटी फोडण्यापूर्वी तिची आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. निकामी ठरलेल्या घटातही माणसाला इजा करील किंवा ठिणगी पाडील इतकी वीज शिल्लक असू शकते. म्हणून तो रोधातून सावकाश रिता करतात, काही काळ तसाच ठेवतात, कारण रिकामा वाटलेला घट विश्रांतीनंतर दाब थोडा पुन्हा वर काढतो, आणि पुन्हा मोजतात. काटा शून्याजवळ स्थिर राहिल्यावरच कामगाराच्या हाती कातर देतात.